राणी दोनदा मेली

माझ्या पहिल्याच बोलपटात माझी बायको दोनदा मेली. खरं तर एकदाच मरायची होती.

त्याआधी मी नाशकात ग्रामोफोनच्या तबकड्या विकायचो आणि गाणाऱ्यांना तबकडी भरायला घेऊन जायचो. जुनी रीत अशी, की गाणं संपलं रे संपलं की मी बोट वर करायचं आणि गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं. (नाहीतर गिऱ्हाइकाला कळणार कसं, कोण गायलं?) माझ्या बायकोनं, इंदूनं, अशा कितीतरी तबकड्या भरल्या. सगळ्या माझ्या बोटावर!

मग बोलपटांची टूम निघाली आणि माझ्या अंगात आलं. इंदू राणी, निर्माता मी! सासरे सिन्नरहून तडक येऊन थडकले.

"जावईबापू, पोरीला पडद्यावर नाचवताय?"

"नाचत नाही हो मामा, मरते!"

"पहिल्या खेळाला मी येणार. लोकांनी टर उडवली, तर हा धंदा कायमचा बंद. कबूल?"

"कबूल!" मी छाती काढून म्हणालो.

राणीचं शेवटचं गाणं आम्ही गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, घेतलं. तेव्हा गाणं आणि चित्र एकदमच घ्यावं लागे, म्हणून तबलजी झुडपात लपवला होता. (मुंग्या त्याला फुकट!) राणीनं गाऊन मान टाकली. मला हुंदका आला, आणि सवयीनं बोट वर गेलं! राणी ताडकन उठली, "मी इंदूबाई, नाशिक!" म्हणाली आणि पुन्हा मेली. जवळची कोरी फिल्मही तिथंच संपली, पुन्हा घेणार कशावर?

"अहो, आता हो?" इंदू रडकुंडीला आली.

"राहू दे गं. तोवर थेटर रडत असेल, ऐकतंय कोण!"

सगळ्यांनी ऐकलं. पहिल्या खेळाला बायका हमसाहमशी रडत होत्या, सासरे उपरण्यानं नाक पुसत होते, आणि मी मनात पुढच्या बोलपटाचं नाव ठरवत होतो. तेवढ्यात राणी उठून बसली! पुढच्या स्वस्तातल्या पिटातून आवाज आला, "बाई, पत्ता बी सांगा की!"

थेटर हसून हसून कोसळलं. इंदूनं मला कचकचीत चिमटा काढला. एवढी हौस, सगळी मातीत!

बाहेर सासरे पोट धरून उभे होते.

"टर उडाली, मामा. धंदा बंद."

"वेड लागलंय का? माझ्या शेजारी बसलेले लोक उद्या बायकापोरांना घेऊन येतायत! पुढचा काढा. फक्त विनोदी काढू नका. मुद्दाम हसवणं तुम्हाला जमायचं नाही!"

ऐकेल तो जावई कसला? पुढचा मी हट्टानं विनोदीच काढला. सासरे पहिल्या रांगेत बसले. खेळ संपल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले,

"शाब्बास, जावईबापू! यात मात्र खरंच रडू आलं!"