दुखलं की हात वर करा

डॉक्टर गेला, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी गवार मोडता मोडता मला उत्तर सुचलं होतं. त्याआधीच्या रविवारी तो माझ्या आवडत्या गायिकेबद्दल म्हणाला होता, "तुझी बाई गाताना आरशात बघते." आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच्या बायकोला, वहिनींना चहाची हाक मारून त्याने विषय बंदही करून टाकला होता. ही त्याची जुनी खोड. आपण बोलून घ्यायचं आणि समोरच्याच्या हातात कपबशी द्यायची. मग ते वाक्य माझ्या डोक्यात माशीसारखं घोंघावत राहिलं, आणि शेवटी त्याच्या लाडक्या गायकावर सुचलं... 'तुझ्या बुवांना वेळीच कुणी आरसा दाखवला असता, तर आमचे कान वाचले असते.' फोन करून सांगण्याचा मोह मी आवरला. असली वाक्यं समोरासमोरच टाकायची असतात, म्हणून ते मी रविवारसाठी राखून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. "मावशी, बाबा गेले... झोपेतच." खरं सांगते, मला पहिल्यांदा रडू आलं नाही, चीड आली. शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवून गेला हा माणूस! काय बाई आहे, असं वाचणाऱ्यांना वाटेल. वाटू दे. ज्यांनी त्याच्याशी एकदा तरी वाद घातलाय, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्याचा दातांचा दवाखाना आणि तिसऱ्या मजल्यावर घर. मी तेव्हा घाटकोपरहून मुलुंडच्या बँकेत नुकती बदलून आले होते आणि दाढेने जीव नकोसा केला होता. खुर्चीत आडवं केल्यावर तो सगळ्यांना सांगायचा तेच मलाही म्हणाला, "बोलायचा प्रयत्न करू नका. दुखलं की डावा हात वर करा, मी थांबतो." तोंडात कापसाचे बोळे, थुंकी ओढणारी नळी, वर डोळ्यांत घुसणारा दिवा. कोपऱ्यातल्या रेडिओवर माझ्या बाईचं विहिरीचं गाणं लागलं. सासरी निघालेली मुलगी परसातल्या विहिरीचा निरोप घेते, ते गाणं. आणि हा गृहस्थ माझी दाढ कोरत शांतपणे म्हणाला, "हिला गायला कोण सांगतं कळत नाही." मी आँ आँ केलं. त्याचं आपलं चालूच. "आवाज बरा आहे, पण नखरे किती!" शेवटी मी हात वर केला. तो तत्काळ थांबला. "दुखलं?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि रेडिओकडे बोट दाखवलं. त्याने जाऊन रेडिओ बंद केला आणि मदतनीस मुलीला म्हणाला, "बघ, पेशंटलासुद्धा सहन होत नाहीये!" दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पुन्हा दवाखान्यात गेले. दाढ ठणठणीत होती. बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर मी त्याला त्या गाण्याबद्दल जे सांगायचं ते सांगून आले. डबा खायचा राहून गेला, पण जीव थंड झाला.

आमच्या मैत्रीची सुरुवात ही अशी. पुढे दवाखाना बंद असायचा त्या रविवारी सकाळी आम्ही तिथेच जमू लागलो. मी, डॉक्टर आणि माहुलचे जगन नाखवा. नाखवांचा मासळीचा घाऊक धंदा. खालच्या दोन दाढा काढायला म्हणून आले आणि कायमचे राहिले. रविवारी येताना पापलेटं किंवा कोळंबी घेऊन यायचे, ती वर वहिनींकडे जायची. ज्याची पाळी असेल त्याने पेशंटच्या खुर्चीत आडवं व्हायचं आणि आपलं गाणं लावायचं. डॉक्टर त्याच्या चाकाच्या स्टुलावर, तिसरा बाकावर. दुसऱ्याचं गाणं सहन झालं नाही तर डावा हात वर करायचा, की गाणं तिथे थांबलंच पाहिजे. मात्र का थांबवलं ते सांगावं लागायचं आणि त्यावरून पुढे जेवणाच्या वेळेपर्यंत भांडण. नावडत्या गायकाचं नाव मात्र कुणी घ्यायचं नाही. माझी ती 'तुझी बाई', त्याचे ते 'तुझे बुवा'. 'अहो डॉक्टर'चं 'ए डॉक्टर' कधी झालं ते आठवत नाही, पण भांडतानाच झालं असणार. "डॉक्टर, तू यार कानात पण फिलिंग करून घे," असं मी म्हणाल्याचं नाखवा अजून सांगतात. नाखवांनी मात्र आयुष्यात हात वर केला नाही. "मना सगलीच आवरतान," म्हणायचे आणि पुढचं गाणं सुरू होईपर्यंत डुलकी काढायचे. सगळंच आवडणाऱ्या माणसाशी काय बोलणार? त्या एका बाबतीत माझं आणि डॉक्टरचं एकमत होतं.

विहिरीच्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याआधी माझी बाई एक श्वास घेते. तो चक्क ऐकू येतो. माझ्या मते सगळं गाणं त्या श्वासात आहे. आता उंबरा ओलांडायचा, त्याआधी ती पोरगी एकदा थांबते, ते तिथे आहे. डॉक्टरच्या मते ती शुद्ध कामचुकारी. "श्वास लपवता आला पाहिजे, शरयू. मी पेशंटला सुई दाखवतो का?" यावर मी एकदा म्हटलं, "तुझे बुवा श्वास लपवतात की घेतच नाहीत? मेल्यासारखे तर गातात." तो आठवडाभर रागावला होता. पण रागावला म्हणून त्याने हात खाली ठेवला असं नाही. बरोबर त्या श्वासावर त्याचा डावा हात वर जायचा, एक क्षण आधी नाही, एक क्षण नंतर नाही. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर दुसरा अंतरा एकदाही वाजला नाही. खुद्द माझ्या बाईला नसेल, इतका तो श्वास त्या माणसाला पाठ होता.

बरं, हा आजार दवाखान्यापुरता राहिला असता तरी चाललं असतं. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला बँकेतल्या मुलींनी हौसेने तेच गाणं लावलं. साहेब बसलेले, हातात समोशांच्या बशा, आणि श्वास आला तसा मागच्या रांगेतून डॉक्टरचा हात वर. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला वाटलं, पाहुण्यांना दोन शब्द बोलायचेत. तिने गाणं थांबवून त्याच्या हातात माइक दिला! हा भला माणूस उठला आणि माझ्याबद्दल चकार शब्द न काढता गायनातल्या श्वासाबद्दल बोलत राहिला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. रिक्षात बसेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. तो रिक्षात डोकावून म्हणाला, "आवडलं ना भाषण?" अशा माणसापुढे हात टेकण्यापलीकडे काय करणार होते?

पण एक रविवार सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. माझे यजमान गेले, तेव्हा डॉक्टर रोज संध्याकाळी येऊन बसायचा. गाण्याचा विषय काढायचा नाही. पेपर वाचायचा, चहा घ्यायचा, जायचा. सगळं जग माझ्याशी हळू आवाजात बोलत होतं. शेजारणी, जावा, बँकेतले लोक... मी काही म्हटलं की 'हो, हो, बरोबर आहे तुझं.' महिनाभराने तो म्हणाला, "रविवारी ये. पाळी तुझी." मी गेले. खुर्चीत आडवी झाले. त्याने आपणहून विहिरीचं गाणं लावलं. मला वाटलं, आज तरी हा ते शेवटपर्यंत वाजू देईल. पहिला अंतरा संपला, श्वास आला, आणि मी डोळे उघडून बघते तर याचा हात वर! मी ताडकन उठून बसले. काय काय बोलले, देव जाणे. त्याच्या बुवांचा उद्धार केला, त्याचा केला, दंतवैद्यकाचा केला. तोही मागे हटला नाही, एकाला दोन उत्तरं देत होता. आवाज ऐकून वहिनी वरून खाली आल्या. "अरे, गाणं ऐका की मेल्यांनो!" म्हणाल्या. त्या दिवशी घरी जाऊन मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. त्याने मला सवलत दिली नाही, याचे उपकार मी त्याला कधी बोलून दाखवले नाहीत. दाखवले असते, तर त्यावरही त्याने काहीतरी ऐकवलं असतं.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये होती. फोटो, हार, उदबत्ती, प्लास्टिकच्या खुर्च्या. दोघांची भाषणं झाली. दोघांनीही 'हसतमुख' म्हटलं, ते मी सोडून दिलं. मग मुक्ता उठली. मुक्ता आता त्याच दवाखान्यात बसते. ती म्हणाली, "बाबांचं एक अत्यंत आवडतं गाणं लावते. घरात, जेवताना, फिरायला गेल्यावर, बाबा सतत ह्याच गाण्याबद्दल बोलायचे." आणि तिने विहिरीचं गाणं लावलं. मी नाखवांकडे बघितलं, नाखवांनी माझ्याकडे. वहिनी पदराआड मान खाली घालून बसल्या होत्या. मुक्ता बिचारी, तिची चूक तरी काय म्हणायची? आपल्या बुवांबद्दल तो घरात अवाक्षर बोलत नसे, नुसता डोळे मिटून ऐकायचा. बोलायचा ते जन्मभर माझ्या बाईला नावं ठेवत. पोरीने वर्षानुवर्षं ज्या गाण्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकलं, तेच बाबांचं लाडकं, आणि नावं ठेवणं ही नुसती त्यांची बोलायची तऱ्हा, असं धरून चालली.

पहिला अंतरा संपत आला. फोटोतला डॉक्टर हार घालून हसत होता. करणार काय? आणि मला जे आयुष्यभर हवं होतं ते आता होणार होतं. त्याच्यासमोर, त्याला थांबवता न येता, दुसरा अंतरा वाजणार होता. श्वास आला. मी वाट बघितली. कुणी हात वर केला नाही... पुढची ओळ सुरू झाली आणि मला ते मुळीच सहन होईना. मी विधवा होऊन समोर बसले होते तेव्हा ज्याने मला सवलत दिली नाही, त्याच्याकडून मी तो मेल्यावर सवलत घेऊ? मी डावा हात वर केला. चांगला ताठ, खांद्यातून. मुक्ताने माझ्याकडे बघितलं आणि दाताच्या डॉक्टरच्या सवयीने, काही विचार न करता, झटकन गाणं बंद केलं. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला कोंबला. मागून एक बाई म्हणाल्या, "रडू द्या त्यांना, मोकळं होऊ द्या." अहो, मी रडत नव्हते, मी हरकत घेत होते! तेवढ्यात पुढच्या रांगेतून कसलासा आवाज आला. वहिनी हसत होत्या. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसत होत्या.

नंतर मुक्ताला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, पण इतकं बोलायचे म्हणजे मनातून त्यांना आवडतच असणार ना?" हे मला आतापर्यंत बऱ्याच जणांनी ऐकवलंय, तेही डोळे ओले करून. कृपा करून असं म्हणू नका. त्याला ते गाणं मनापासून, अगदी प्रामाणिकपणे आवडत नव्हतं. त्याची नावड इतकी स्वच्छ होती, की तिच्यावर कुणी गुलाबपाणी शिंपडलेलं मला चालणार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. त्या सभेनंतर मला माझं गाणं ऐकता येईना. घरी लावलं की पहिला अंतरा नीट जातो, श्वास येतो, आणि माझाच हात बटणाकडे जातो. त्यापुढे गाणं नुसतं वाजणार, ते कुणाला पटवून द्यायचं आता उरलेलं नाही. स्वतः जायचं तर जायचं, माझं गाणं कशाला घेऊन गेलास रे?

गेल्या आठवड्यात माझी दाढ पुन्हा ठणकायला लागली. त्यानेच भरलेली, पहिली. मुक्ताने खुर्चीत आडवं केलं. तोच दिवा, तीच खुर्ची, रेक्झिन तेवढं नवं. त्याचं चाकाचं स्टूल कोपऱ्यात सरकवून ठेवलेलं, त्यावर कुणी पिशवीसुद्धा ठेवत नाही. "काय लावू, मावशी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "विहिरीचं लाव." मुद्दामच म्हटलं. हालता येणार नाही, बोलता येणार नाही, बटण हाताशी नाही. आज मी ते शेवटपर्यंत ऐकणारच, बघते कोण अडवतो. तिने तोंडात बोळे भरले, नळी अडकवली आणि त्याच्याच सुरात म्हणाली, "बोलू नका हं. दुखलं की डावा हात वर करा." गाणं सुरू झालं. पहिला अंतरा झाला. माझ्या बाईने श्वास घेतला आणि माझी नजर आपोआप स्टुलाकडे गेली.

माझा हात वर गेला होता. मुक्ताने लगेच यंत्र थांबवलं, गाणं थांबवलं आणि माझ्यावर वाकली. "दुखतंय?" दाढ बधिर होती, तिथे काहीही दुखत नव्हतं. मी मान हलवून हो म्हटलं.

"कुठे, मावशी?" तिने विचारलं. माझ्या तोंडात कापूस होता.