चिलापीखालचं लाल शेवाळ

परवा प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला आणि त्या गारठ्यात मला उगाचच चिलापी माशाचा वास आला. मी बारामतीच्या कॉलेजात शिकत होते तेव्हा सरांनी हिमालयातल्या बर्फावर वाढणाऱ्या लाल शेवाळाची बाटली उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती माझ्याकडे सोपवली होती. गोठून मरू नये म्हणून हे शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या पेशीत तेल साठवायला शिकलं, असं मी पळसदेवला आत्याकडे गेल्यावर, बाटली तिच्या फ्रीजमध्ये ठेवताना, तिला ऐटीत सांगितलं. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी लाइट गेली, तिचा फ्रीज पाझरू लागला आणि मी रडकुंडीला आले. आत्या उजनी धरणातले मासे विकायची. तिनं बर्फाच्या खोक्यातली निम्मी चिलापी टोपलीत काढली, बाटली बर्फात खोल पुरली आणि वर ओलं गोणपाट टाकलं. "आत्या, मासं नासतील की!" मी म्हणाले. "मासं उद्या बी घावतील. ह्ये लेकरू थंडीतनं आलंय, हितलं ऊन त्याला सोसायचं न्हाय." संध्याकाळी लाइट आली तोवर टोपलीतले मासे वास मारत होते. त्याच बाटलीतून वाढवलेलं शेवाळ आज माझ्या फ्रीजमध्ये आहे. ते थंडीत कसं तगतं, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. उन्हाळ्यात कसं तगलं, ते सरांनाही कधी सांगितलं नाही.