दुसरं विंडोज

राजारामपुरीतल्या पवित्राच्या दुकानावर पाटी अजून तिच्या वडिलांच्याच नावाची आहे. रुद्रय्या, तिचे अप्पा, रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे. लहानपणापासून पवित्रा त्यांच्या शेजारी बसून तारांना कथलाचा डाग द्यायला शिकली. पुढे रेडिओ गेले, टेप गेले. अप्पांचे हात थरथरायला लागले तेव्हा दुकान तिनं घेतलं आणि कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "सवड कुठं मिळाली?" दुकानात बाई आहे म्हणून कॉलेजच्या पोरी निर्धास्तपणे तिच्याकडं मशीन ठेवून जात.

रुचिताही तशीच आली. शिरोळची पोरगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. जवळच एका बंगल्यात वरच्या मजल्यावर मुलींचं हॉस्टेल होतं, तिथं राहायची.

"ताई, आतली एसएसडी डिस्क भरलीय म्हणतंय. आणि कालच्या अपडेटनंतर चालू करताना कुठलं विंडोज पाहिजे म्हणून विचारतंय. दोन दिसतात."

"दोनदा टाकलं असंल कुणीतरी. रोज एक येतं असलं. जादाचं काढलं की जागा होतीय."

पवित्रानं लॅपटॉप लावला. निळ्या पडद्यावर एकाच नावाच्या दोन ओळी आल्या. वरचं रुचिताचं, पासवर्ड मागणारं. तिनं खालचं निवडलं. त्यानं काहीच मागितलं नाही, सरळ उघडलं. आत काही नव्हतं. ना चित्र, ना कागदपत्रं, ना एखादा खेळ. भाड्यानं देण्यासाठी झाडून ठेवलेल्या खोलीसारखं.

काढण्याआधी बघायचं म्हणून पवित्रानं त्यात काय काय आणि कधी उघडलं होतं ते पाहिलं, आणि तिचा हात माउसवर थांबला. उघडलेलं सगळं रुचिताच्या भागातलं होतं. तिचे फोटो. तिचं मेसेजचं बॅकअप. एकाच डिस्कवर दोन्ही असल्यानं आणि डिस्कला कुलूप नसल्यानं, पासवर्डाची गरजच पडली नव्हती. रुचिताच्या विंडोजला मात्र याचा पत्ताही लागला नसता.

"रुचिता, दशलक्षण पर्वाला तू कुठं होतीस?"

"घरी. आई उपवास करते ना. का?"

"लॅपटॉप?"

"रूमवर. कपाटात ठेवून गेलते."

"आणि दिवाळीनंतर?"

"ताईचा साखरपुडा होता. तेव्हापण रूमवरच ठेवलेला. ताई, काय झालंय?"

पवित्रानं स्क्रीन तिच्याकडं वळवली. ती गावी असतानाच, दोन्ही वेळा, हे दुसरं विंडोज चालू झालं होतं.

रुचितानं तारखा वाचल्या. मग तिनं खिशातून मोबाईल काढला आणि पवित्राच्या हातात दिला. दिवाळीपासून अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते. एक ब्लॉक केला की दुसरा. घाण काही नव्हतं त्यात. 'मोरपंखी साडी छान दिसत होती.' 'मैत्रिणीशी भांडण मिटलं का?' 'आज झोप लागली न्हाय वाटतं.' त्या साडीतले फोटो तिनं कुणालाच पाठवले नव्हते. फक्त लॅपटॉपवर उतरवले होते.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? घरी कळलं तर शिक्षण बंद."

"हे विंडोज कुणी टाकलं?"

"विश्वजितदादानं. मालकीणकाकूंचा मुलगा. पहिल्या वर्षी लॅपटॉप बिघडला तेव्हा त्यानंच करून दिला. सगळ्या मुलींचे तोच करतो, फुकट." ती लॅपटॉपपासून मागं सरकली. "कपाटाची दुसरी किल्ली काकूंकडं असते."

मग एकदम म्हणाली, "काढून टाका ताई. आत्ता. मला काही नको."

पवित्राला ते सहज जमलं असतं. पण तिनं लॅपटॉप बंद केला, उलटा ठेवला, स्क्रू काढले. च्युइंगमच्या कांडीएवढी ती एसएसडी काढून तिनं पिशवीत घातली आणि वरून चिकटपट्टी लावली.

"आता ही परत चालू करायची न्हाय. पुरावा हाय हा, हात लावंल तेवढं बिघडंल. तुझ्या लॅपटॉपला दुसरी बसवून देते. आईला बोलावून घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी हेल्मेट हातात घेऊन एकजण दुकानात आला. तिशीचा, नीटनेटका, हसरा.

"काय पावणं?" पवित्रानं विचारलं.

"रुचिताचा लॅपटॉप इथं आलता न्हवं? आमच्याच हॉस्टेलची पोरगी हाय."

"आलता. दिला करून."

"त्यात दुसरं विंडोज मीच टाकलतं. एक बंद पडलं तर असावं म्हणून. काढलं की काय?"

पिशवी पवित्राच्या खणात होती, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. "काढलं की. जागा भरलती. पुसून टाकलं सगळं."

"बघितलं न्हाय ना आत?"

"आत काय बघायचंय? रोज धा मशीन येत्यात."

तो मान हलवत हसला. पण गेला नाही. अप्पांच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून उभा राहिला, मागच्या दाराकडं बघितलं, शटरकडं बघितलं. "एकट्याच असता व्हय दुकानात?"

"अप्पा येत्यात की," पवित्रा म्हणाली. अप्पांनी घराबाहेर पडणं केव्हाच सोडलं होतं.

संध्याकाळी रुचिताचा फोन आला. ती कुजबुजत होती. "ताई, दादा सगळ्यांचे लॅपटॉप गोळा करतोय. व्हायरस आलाय म्हणतोय, साफ करून देतो."

पवित्राला दुपारचं आपलंच बोलणं आठवलं. खोटं बोलून तिनं एक डिस्क वाचवली होती, पण बाकीच्या लॅपटॉपांतलंही कुणी बघायच्या आत पुसून टाकावं, हे त्याच्या डोक्यात आणून दिलं होतं.

"पोरींना सांग, देऊ नका म्हणावं."

"सांगितलं. का म्हणून विचारतात. मी काय सांगू? बऱ्याचजणींनी दिलेसुद्धा."

रुचिताची आई, चंदनाकाकू, सकाळच्या एसटीनं आल्या. दुकानात बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"बाळ, तू पुसून टाक ते. हिला मी घरी नेते. लग्नाची पोरगी हाय, चारचौघांत गेलं म्हणजे?"

"काकू, पुसलं तर तो मोकळा. त्यानं तिकडं काय काय उतरवून नेलंय, ते थोडंच पुसलं जाणार हाय?"

चंदनाकाकूंनी मान फिरवली. रुचिता उठली आणि पिशवी तिनं स्वतःच्या हातात घेतली. "आई, तू येणार नसशील तर मी पवित्राताईंबरोबर जाते."

तिघी मिळून पोलिसांकडं गेल्या. तिथल्या अधिकारी बाईंनी एसएसडी घेतली, पंचनामा केला, मेसेज उतरवून घेतले. दोन दिवसांत विश्वजितला उचललं. त्याच्या खोलीत एक हार्ड डिस्क सापडली म्हणतात. रुचिताचं सगळं त्यात होतं. आणखी कुणाकुणाचं होतं, ते पोलिसांनी बाहेर सांगितलं नाही. हॉस्टेलमधल्या मुलींना बोलावलं, तेव्हा काहींनी आपला काही संबंध नाही असं लिहून दिलं. काही सामान घेऊन गावी गेल्या. रुचिता कळंब्याला मावशीकडं राहून परीक्षेला बसली.

विश्वजित जामिनावर सुटला. खटला चालू आहे. कधीमधी त्याची गाडी दुकानावरून हळू जाते. पवित्रा मान वर करत नाही, पण गाडी वळेपर्यंत तिचा डाग द्यायचा हात थांबलेला असतो.

मध्यंतरी एक मुलगी आली. नाव सांगितलं नाही. लॅपटॉप काउंटरवर ठेवून म्हणाली, "मीपण त्याच हॉस्टेलला होते. त्यानं साफ करून दिलेला हा. माझ्यातपण होतं का?"

पवित्रानं उघडून बघितलं. एकच विंडोज. अर्ध्याहून जास्त डिस्क रिकामी. सगळं नव्यानं टाकलेलं, मागचा मागमूस नाही. तिला येत होतं तेवढं सगळं तिनं करून पाहिलं. मुलगी शेजारी उभी होती, श्वाससुद्धा जपून घेत.

"आता काय दिसत न्हाय," पवित्रा म्हणाली.

"म्हणजे नव्हतं?"

"तसं मला सांगता येत न्हाय गं."

मुलीनं लॅपटॉप मिटला, छातीशी धरला, आणि बाहेर जाण्याआधी दारातून रस्त्याच्या दोन्ही बाजू बघून घेतल्या.