सही केलेला कोरा कागद

आमचे वकीलसाहेब सोलापुरातून निवडून दिल्लीच्या असेंब्लीत गेले, तेव्हा मी त्यांचा कारकून होतो. असेंब्लीत सरकारला प्रश्न विचारायचा तर सभासदाच्या सहीची सूचना बरेच दिवस आधी पोचावी लागे. साहेब खटल्यांसाठी सारखे परगावी असत, म्हणून जाताना कोऱ्या कागदांवर सह्या करून माझ्यापाशी ठेवत. लोक गाऱ्हाणी घेऊन येत. मी प्रश्न लिहून दिल्लीला धाडी.

एका उन्हाळ्यात होटगीचे एक भुसार व्यापारी आले. घरी कानडी, बाहेर मराठी. तापट पण सरळ माणूस.

"जंक्शन म्हनायचं आन् थर्ड क्लासवाल्याला प्यायला पानी न्हाय. फलाटावर नळ हाय, त्याला कुलूप हाय. दिल्लीत इचारा की!"

"आजच लिहितो, शेटजी," मी म्हणालो.

सही केलेला एकच कागद उरला होता. दुपारी बहिणीचे पत्र आले. मेहुणे माळशिरसच्या पोस्टात होते. त्यांची लांब बदली झाली होती आणि बहीण बाळंतीण होती. मी त्या कागदावर पोस्टातल्या अवेळी बदल्यांचा प्रश्न लिहिला आणि टपालात टाकला. साहेब परस्पर दिल्लीला गेले, नवी सही मिळालीच नाही. होटगीची मुदत टळली.

बदल्यांच्या प्रश्नाला सरकारने माहिती नसल्याचे उत्तर दिले. बदली झाली ती झालीच. प्रश्नोत्तरे वर्तमानपत्रात आली तेव्हा शेटजी भर बाजारात म्हणाले, "वकीलसायब होटगीला इसरलं. दिल्लीचं पानी ग्वाड लागलं असंल!"

परतल्यावर साहेबांनी ते ऐकले. पुढच्या अधिवेशनात त्यांनी स्वतः प्रश्न विचारला, नळाचे कुलूप निघाले. पण एक उन्हाळा लोकांनी कोरड्या घशाने काढला होता, आणि विसरभोळेपणाचा डाग साहेबांच्या नावावर राहिला. मी गप्प राहिलो.

वर्षभराने पुन्हा निवडणूक आली. "उद्या होटगीला जाऊ," साहेब म्हणाले. मला राहवले नाही. उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दिल्लीत ती सूचना पाहिली, अक्षर तुमचं होतं. मेहुणे पोस्टात आहेत हेही मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? कोऱ्या कागदावर सही करणारा मीच. लोकांनी मला निवडलं होतं, तुम्हाला नव्हे." चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, "पण शेटजींना तुम्हीच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी होटगीला साहेबांसमोरच सांगितले. दुकानात पाचसात गिऱ्हाइके होती.

"म्हंजे वकीलसायबांला आमचं गाऱ्हानं ठावंच नव्हतं?"

"नव्हतं. मी दडवलं."

"आन् मी वरीसभर त्यांला शिव्या घातल्या! त्या समद्या तुमच्या वाटच्या की वो, कारकून." मग शेटजींनी विचारले, "बदली तरी थांबली का?"

"नाही."

"मग बरोबरीच झाली. तुमीबी कोरडं, आमीबी कोरडं!" सगळे दुकान हसले. शेटजी उठले आणि साहेबांपुढे हात जोडले. त्या क्षणी माझ्या पाठीवरचे ओझे उतरले.

त्यानंतर साहेबांनी कोऱ्या कागदावर सही केली नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही, उलट झोप चांगली लागू लागली.

त्याआधी वर्षभर होटगीवरून जाताना मी घरून तांब्या भरून नेत असे. त्या नळाला हात लावायचे धाडस होत नव्हते. कबुली दिली त्या दिवशी परतताना मी फलाटावर ओंजळ धरली. साहेब डब्यातून म्हणाले, "आवरा, गाडी सुटेल." मी आणखी एक ओंजळ प्यालो.