दुसरा जिना आणि शेठची श्रद्धांजली

शेठनी मला विचारलं, "बेन, आपल्याकडे त्सुनामीची काय तयारी आहे?" तेव्हा मी कारखान्याच्या दुसऱ्या जिन्यासमोर उभी होते आणि जिना दिसत नव्हता. तो होता, नकाशात तर ठळक होता. पण खालच्या पायरीपासून छतापर्यंत ताके रचलेले. ताका म्हणजे विणून तयार झालेल्या कापडाचा गठ्ठा. सुरतेत रिकामी जागा दिसली की तिथे ताका येऊन बसतो.

मी सेफ्टी ऑफिसर आहे. काही घडलं नाही तर "हिला पगार कशाला?" आणि घडलं तर "हिला पगार कशाला देत होतो?" अशी ही नोकरी. आमचा विणकामाचा कारखाना गोडादऱ्याच्या बाजूला. खाली लूम, पहिल्या मजल्यावर लूम, दुसऱ्यावरही लूम. लूम म्हणजे कापड विणणारं यंत्र. शेकड्यांनी एकदम चालतात तेव्हा बोलणं हातवाऱ्यांनी होतं, आणि हवेत कापसासारखी बारीक भुरी उडत राहते. तिला ठिणगी लागली की सगळ्या मजल्यांवरच्या माणसांनी एकाच अरुंद जिन्याने उतरायचं. याचा मला रात्रंदिवस घोर. शेठकडे हा विषय काढला की ते म्हणत, "सीझन जाऊ दे." सुरतेत सीझन कधी जातो, हे मला अजून कळलेलं नाही.

तर त्या आठवड्यात समुद्रापलीकडच्या एका देशात मोठा भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. टीव्हीवर काळं पाणी घरंच्या घरं ओढून नेत होतं. चिखलात बाया आपल्या माणसांची नावं घेऊन हाका मारत फिरत होत्या. मी ताट बाजूला सारून बघत राहिले. शेठही हादरले. त्यांनी आधी चौकशी केली, त्या देशात आपला माल जातो का? जात नाही म्हटल्यावर त्यांना मोकळेपणाने दुःख झालं.

मग प्रश्नांची सरबत्ती. डुमसचा समुद्र आपल्यापासून किती लांब? तापी मध्ये आडवी येईल का? मी म्हटलं, शेठ, त्सुनामीचं बघू, पण जमीन हलली, आग लागली, काहीही झालं तरी माणसं उतरवायला दुसरा जिना लागेल. ते म्हणाले, "त्सुनामी आली तर लोक वर पळणार ने? उतरायचा जिना कशाला?" कपाळ माझं!

दुसऱ्या दिवशी कळलं की तयारी रद्द, श्रद्धांजली नक्की. बाजूच्या कारखानदाराने मेणबत्त्या लावून फोटो छापून आणला होता, मग आपण मागे कसं राहायचं? भर शिफ्टमध्ये सगळे लूम बंद, दोन मिनिटं मौन. मी म्हटलं, आधी समोरच्या वस्तीत सांगून ठेवू, एकदम लूम बंद करणं बरं नाही. शेठ म्हणाले, "श्रद्धांजलीची काय दवंडी पिटायची?"

फोटोग्राफरला उजेड आवडला तो जिन्याच्या वळणावरचा, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधला. हा आमचा एकुलता एक चालू जिना. तिथे बॅनर लागला. त्यावर मृतांना श्रद्धांजली बारीक आणि कारखान्याचं नाव ठसठशीत. खाली खऱ्या मेणबत्त्या. भुरी उडते तिथे मेणबत्त्या! मी हातात आग विझवायचा सिलिंडर धरून उभी राहिले. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, तेवढं लाल बाजूला घ्या, फ्रेममध्ये येतंय. मी जागची हलले नाही.

मेन स्विच पडला. मास्टर, म्हणजे लूमचा सुपरवायझर, लूम मध्येच थांबला की कापडावर रेघ पडते, असं पुटपुटला आणि हात जोडून उभा राहिला. इतकी शांतता त्या इमारतीत मी कधी ऐकली नव्हती. शेठनी डोळे मिटले.

थोड्याच वेळात खालून चपलांचा आवाज आला.

समोरच्या वस्तीत आमच्याच कामगारांची घरं आहेत, बहुतेक खानदेशातली. तिथल्या फळीवरची भांडी दिवसभर लूमच्या हादऱ्याने किणकिणत असतात. लेकरं त्यातच झोपतात. ती किणकिण भर शिफ्टमध्ये थांबली, तर तिचा एकच अर्थ असतो: कोणाचा तरी हात मशीनमध्ये गेला. सुनंदाच्या नवऱ्याची, भिकनची दोन बोटं गेली, तेव्हाही अशीच थांबली होती. त्यामुळे सुनंदा सगळ्यांत पुढे होती. पिठाचे हात, डोक्यावरचा पदर खांद्यावर. मागे अख्खी गल्ली.

"कोनले लागनं?" ती जिन्यातून ओरडली. "मना माणूस कथा शे?" माझा माणूस कुठे आहे, असं ती विचारत होती.

तिचा आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे पुरुष घाबरले आणि खाली धावले. बाया वर चढत होत्या. वळणावर शेठ, बॅनर आणि मेणबत्त्या. एकाही बाजूला सरकायला जागा नाही. एक म्हातारी दबून कळवळली. बॅनरचं टोक ज्योतीवर आलं. मी सिलिंडरमधली पूड फवारली. मेणबत्त्या, बॅनर आणि शेठची सफारी सगळं एकदम पांढरं झालं. कितीही समजावलं तरी कोणाला ऐकू जात नव्हतं. तेवढ्यात मला सुचलं. मी वरच्या मास्टरला जिवाच्या आकांताने सांगितलं, "लूम चालू कर!"

लूम धडधडले. बाया जागच्या जागी थांबल्या. मशीन चालतंय, म्हणजे कोणाला काही झालेलं नाही. गर्दी सैल पडली. सुनंदाला भिकन दिसला. तिने त्याच्या छातीवर पिठाचे दोन्ही हात मारले आणि हमसून रडायला लागली.

शेठ भिंतीला टेकले होते. मला हाताने जवळ बोलावून कानाशी म्हणाले, "बेन, दुसरा जिना कुठे आहे?"

"तुमच्या ताक्यांच्या मागे, शेठ."

संध्याकाळच्या आत जिना मोकळा झाला. सीझन चालूच होता.

पेपरात फोटो आला. 'दूरदेशीच्या मृतांसाठी कामगार महिलांचे अश्रू'. शेठनी तो फ्रेम करून केबिनमध्ये लावला. सुनंदाने गेटवर मला विचारलं, "ताई, मशीन कोणासाठी बंद केलं होतं?" मी तिला तो देश सांगितला, पाणी सांगितलं, चिखलात हाका मारत फिरणाऱ्या बाया सांगितल्या. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांना सापडली का त्यांची माणसं?" त्या मेलेल्यांसाठी आमच्या कारखान्यात खरोखर कोणी गप्प झालं असेल, तर ती.

या धंद्यात मी एक शिकले. मालकाला नकाशा दाखवून उपयोग नसतो, त्याला एकदा गर्दीत उभं करावं लागतं. परवा दुसऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पुन्हा दोन ताके दिसले. मी शेठना फोन केला आणि विचारलं, "पुढची श्रद्धांजली कधी ठेवायची?" माझा चहा संपायच्या आत ताके उचलले गेले.