खुराड्यातला सर्वात देखणा कोंबडा

मंडळी, आज सकाळी मी सूड घेतला.

गेल्या वर्षी शेजारच्या दिनेशजींनी माझा सर्वात शांत कोंबडा पैदाशीसाठी दोन दिवस मागून नेला आणि पाहुण्यांना कापून घातला. वर मलाच म्हणाले, "भिया, क्या रस्सा बना था."

आज परत कोंबडा मागायला आले. म्हटलं, तुम्हीच निवडा. त्यांनी तुरा बघून खुराड्यातल्या लाल्यावर बोट ठेवलं.

लाल्या माणसांच्या अंगावर धावतो. तो स्वभाव पिल्लांत उतरतो, म्हणून इथे मध्यभारत राज्य होतं तेव्हापासून आमच्याकडे असा कोंबडा पैदाशीला ठेवत नाहीत. मी गप्प राहिलो.

लाल्यालाही ते कापतीलच. पण तोवर त्याची पिल्लं दिनेशजींच्या कोंबड्यांच्या अंड्यांत असतील.

मला जराही वाईट वाटत नाहीये. वाटायला हवं का?