दोन घुमट, एक बूटजोड

देवळात जाताना पायताण बाहेर काढायचं असतं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. पण इटलीतल्या देवळात ते काढायचं नसतं, हे मात्र मला माझे नवे बूट घालवून शिकावं लागलं. त्याला कारण आमचा हुबळीचा मित्र. हे माझं त्याच्या तोंडावर शंभरदा बोलून झालं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

आम्ही तिघं धारवाडला एकाच वर्गात माती शिकत होतो. शेतजमिनीची माती, तिचा कस, तिला काय घालावं आणि काय घालू नये, हा आमचा विषय. त्यासाठीच सहा महिने इटलीतल्या एका गावी आमची रवानगी झाली. मी धारवाडची, सप्तापुरातली. मैत्रीण बेळगावची. आणि तिसरा हा हुबळीचा. त्याच्या वडिलांचं कोप्पीकर रोडवर कापडाचं दुकान. हुबळी आणि धारवाड कागदावर एकच शहर असलं तरी हुबळीवाले आम्हाला झोपाळू म्हणतात आणि आम्ही त्यांना व्यापारी म्हणतो. दोघांचंही खरं आहे.

पहिले दोन आठवडे खोली, सिमकार्ड आणि सह्या करण्यात गेले. पहिल्या मोकळ्या शनिवारी फ्लॉरेन्स बघायचं ठरलं. ठरवलं मी, आणि ते अप्पांसाठी.

अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. दरवर्षी नववीच्या वर्गात एक तास ते फळ्यावर फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चचा घुमट काढायचे. अभ्यासक्रमात तो नव्हता. एका जुन्या कॅलेंडरावरचं चित्र कापून त्यांनी जपून ठेवलं होतं, एवढाच त्याचा आधार. घुमट काढून झाला की हातावरचा खडू झटकून सांगायचे, "हा दिसतो एक, पण आहेत दोन. एकाच्या आत एक. मधल्या पोकळीतून जिना वर जातो." एका वर्षी हेडमास्तर फेरी मारत वर्गात आले, मागे उभं राहून त्यांनी हे ऐकलं आणि पोरांसमोरच विचारलं, "एकानं भागत नाही म्हणून दुसरा होय? मास्तर, तुम्ही बघून आलात काय?" वर्ग हसला. त्या दिवसापासून शाळेत अप्पांचं नाव 'डबल घुमट' पडलं. मी त्याच शाळेत शिकले, त्यामुळे ते नाव मी पाचवीपासून मुकाट्याने ऐकलं. अप्पांनी घुमट काढणं सोडलं नाही. फक्त शेवटी दोन शब्द जोडायला लागले, "असं म्हणतात."

मी त्यांना मोबाइलवर तो जिना दाखवला नसेल असं नाही. पण अप्पांचं म्हणणं, मोबाइलात काय वाटेल ते दाखवतात. घरचं माणूस बघून आलं पाहिजे. मी निघाले तेव्हा आईने चटणी, मेतकूट आणि गोधडी दिली, आणि अप्पांनी एवढंच सांगितलं, "मधल्या जिन्यात उभी राहा. दोन्ही भिंतींना हात लाव. आणि मला सांग." अप्पा माझ्याकडे सहसा काही मागत नाहीत.

तर घुमटावर चढायची तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती. वेळ दुपारी सव्वादोनची. उशीर झाला तर तिकीट वाया, आणि पुढचे कितीतरी दिवस सगळं भरलेलं. हे मी दोघांना आदल्या दिवशी सांगितलं, सकाळी सांगितलं आणि गाडीत सांगितलं. "येन आगंगिल्ल," हुबळीकर म्हणाला. काही होत नाही, हे त्याचं कुठल्याही संकटावरचं कानडी उत्तर. परीक्षेच्या आदल्या दिवशीही तो हेच म्हणतो, आणि पास होतो, म्हणून जास्त राग येतो.

सकाळचा वेळ कसा गेला ते आठवलं की आजही डोकं फिरतं. बेळगावकरणीने दहीभाताचा डबा, तीन चमचे आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या होत्या, आणि ते ओझं आम्ही आळीपाळीने वाहत होतो. प्रत्येक पुतळ्यापुढे ती एकाच पद्धतीने मान कलती करून उभी राहायची, फोटो घरी पाठवायची आणि घरून उत्तर येईपर्यंत जागची हलायची नाही. मावशीचा अंगठा आला, काकूंचा यायचाय, थांब की जरा. तिकडे हा दिसेल त्या दुकानात शिरत होता. घ्यायचं काही नाही. कातडी पट्टा हातात घ्यायचा, उलटा करून शिवण बघायची, भाव विचारायचा आणि आमच्याकडे वळून कानडीत सांगायचं की यात कितीतरी सूट निघते. आल्यापासून नदीही मी धड बघितली नाही. मी फक्त घड्याळ बघत होते.

चर्चसमोर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आत जायची रांग वेगळी, घुमटाचं दार वेगळं. आधी आतून बघून घेऊ आणि मग वर जाऊ, असं मीच सुचवलं. तेवढी चूक माझी.

दाराजवळ आलो आणि हुबळीकर खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"काय करायलास?" बेळगावकरणीने विचारलं.

"देवाच्या घरात बूट घालून जातात काय? आईला कळलं तर मला घरात घ्यायची नाही."

"सगळे घालूनच चाललेत की," मी म्हणाले.

"त्यांचं त्यांच्यापाशी. आपलं आपल्यापाशी."

आता मी हटून बसायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर बूट घालून आत पाऊल टाकायला माझंही मन धजेना. देव कुणाचा का असेना, उंबरा तो उंबरा. मीही बूट काढले. बेळगावकरणीने आपले बूट काढून डब्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि पाठीवरच्या सॅकमध्ये टाकले. "सोडून जाऊ नका गं," ती म्हणाली. यावर हुबळीकराने आपलं शहाणपण दाखवलं. आमच्याकडे जत्रेत करतात तसे त्याने दोघांचे डावे बूट एका खांबाशी ठेवले आणि उजवे पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे चोराला जोडी मिळायला नको. तिथे चोर नाहीत आणि चप्पलस्टँडही नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. दारावरच्या माणसाने आमच्या पायमोज्यांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि आत सोडलं.

आतली फरशी थंडगार होती. वर घुमटाची आतली बाजू, चित्रांनी भरलेली. मी मान वर करून बघत राहिले आणि मनात म्हटलं, हा आतला. बाहेरचा आता बघायचा. तेवढी पाच मिनिटं सबंध दिवसात मला बरं वाटलं.

बाहेर आलो तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं होती. डावे बूट जागच्या जागी होते. उजवे नव्हते.

झाडूवाल्या बाईला हातवारे करून विचारलं. तिने कचऱ्याच्या गाडीकडे बोट दाखवलं, म्हणजे गाडी गेली त्या दिशेला. एकेकटे, टाकून दिलेले बूट कोण ठेवून घेईल? चोरापासून वाचवण्याच्या नादात आम्ही ते आपल्या हातांनी कचऱ्यात घातले होते. हुबळीकर "येन आगंगिल्ल" म्हणत मोज्यांवरच त्या गाडीमागे पळाला आणि गर्दीत दिसेनासा झाला. मी एका पायात बूट घालून घुमटाच्या दाराशी गेले. तिथल्या माणसाने माझ्या दुसऱ्या पायाकडे बघितलं आणि मान हलवली. अनवाणी वर सोडत नाहीत. मी मोडक्या इंग्रजीत विनवलं, त्याने न रागावता पुन्हा मान हलवली.

मला रडूच आलं. राग हुबळीकराचा, राग त्या दहीभाताचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिकडे धारवाडात संध्याकाळ होत आली होती. अप्पा रोज या वेळेला केलगेरीच्या तळ्यावर फिरायला जातात. आज गेले नव्हते. आईचा निरोप आला होता, मोबाइल समोर ठेवून बसलेत.

बेळगावकरणीने सॅक खाली ठेवली, पिशवी सोडली आणि आपले बूट माझ्यापुढे ठेवले. "घाल."

"तुझंही तिकीट आहे ना."

"घाल गं. घुमट बघितलास काय म्हणून मला घरी कुणी विचारणार नाही. तुझे अप्पा वाट बघायलेत."

सकाळपासून मनातल्या मनात तिला किती नावं ठेवली होती ते मला त्या क्षणी एकेक आठवलं. मला लाज वाटली. तिचा पाय माझ्यापेक्षा चांगला दोन आकडे लहान. टाचा आत दाबून, बोटं मुडपून मी ते बूट घातले आणि आत गेले.

जिना चारशेच्या वर पायऱ्यांचा आहे. तिच्या बुटांत मी त्यातली एकेक मोजल्यासारखी चढले. सुरुवातीला साधा दगडी जिना, गोल गोल. मग एका ठिकाणी भिंत कलायला लागली. डाव्या बाजूची भिंत माझ्या डोक्यावर झुकत आली आणि उजवी माझ्यापासून लांब जायला लागली, दोन्ही एकाच बाजूला वळलेल्या. मी थांबले. मागचा माणूस काहीतरी पुटपुटला, त्याला पुढे जाऊ दिलं. दोन्ही हात पसरले. पसरायची गरजच नव्हती, कोपरं मुडपून ठेवावी लागली. विटा खरखरीत आणि थंड होत्या. एका हाताखाली आतला, एका हाताखाली बाहेरचा. मी तिथे नको इतका वेळ उभी राहिले. पाय ठणकत होते आणि मला हसू येत होतं.

वर पोचल्यावर रेंज मिळाली. घरी व्हिडिओ कॉल लावला, तो आईने उचलला. मी धापा टाकत बुटांचं सांगितलं, तर म्हणाली, "आज शनिवार ना? देवळातनं गेले ना? चांगलं झालं, पीडा गेली." मग फोन अप्पांकडे गेला.

"अप्पा, दोन आहेत."

अप्पा पडद्याच्या आणखी जवळ आले.

"मी मध्ये उभी राहिले. दोन्हीकडे हात लावले."

"मध्ये जागा किती?"

"कोपरं लागतात दोन्हीकडे."

अप्पा उठले. आईने फोन धरला असावा. ते कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन उभे राहिले आणि कोपरं बाहेर काढली. "एवढी?"

"त्याहून जरा जास्त."

ते थोडे पुढे सरकले. "एवढी?"

"हो. तेवढीच."

ते तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "हेडमास्तर गेले त्याला चार वर्षं झाली. आता सांगू कुणाला?"

खाली लाल कौलांचं सबंध शहर पसरलं होतं, फोन फिरवून मी ते दाखवलं. त्यांनी बघितलं न बघितलं. "ती बेळगावची मुलगी वर आली नाही ना?" ते म्हणाले. "तिला सांग. नीट सांग."

खाली उतरेपर्यंत दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. ते दोघं पायऱ्यांपासून जरा बाजूला मोज्यांवर बसले होते. हुबळीकर रिकाम्या हाताने परत आला होता आणि उरलेल्या दोन डाव्या बुटांकडे बघत दहीभात खात होता. त्याला बोलायला मी तोंड उघडलं, पण आधी बूट काढून तिला दिले आणि सांगितलं, वर काय आहे ते.

"दोन घुमट?" चमचा तोंडात ठेवूनच तो म्हणाला. "कशाला? एकानं भागत नाही?"

तेच वाक्य, इतक्या वर्षांनी, इतक्या लांब. त्याच्या डोक्यावर डबा पालथा घालावा असं वाटलं. पण मी बेळगावकरणीकडचा डब्याला गुंडाळलेला कागद ओढून घेतला आणि पेनने घुमट काढला. त्याच्या आत दुसरा काढला. मधून जिना काढला, अप्पा काढायचे तसा, खालून वर. आतला जाड, तो भार घेतो आणि लोकांना आतून दिसतो. बाहेरचा पातळ, तो ऊनपाऊस झेलतो आणि गावाला लांबून दिसतो. दोघांना धरून ठेवणाऱ्या फासळ्या मध्ये आहेत. फासळ्या काढताना माझा हात अप्पांसारखा वळतोय हे मला कळत होतं.

बेळगावकरणीने कागद हातात घेऊन बघितला. "म्हणजे छत्रीच्या आत छत्री," ती म्हणाली.

हुबळीकराने चमचा खाली ठेवला. "मग बरोबर आहे. आमच्या दुकानातल्या शेरवानीला अस्तर असतं तसंच. एकेरी कापड उभं राहत नाही."

मी तिथूनच पुन्हा फोन लावला. "अप्पा, सांगितलं. दोघांना कळलं."

"हुबळीच्याला सुद्धा?"

"हो. त्यालाही."

मागे आमच्या गल्लीतली रिक्षा वळल्याचा आवाज आला.

"म्हणजे," अप्पा म्हणाले, "कळण्यासारखं होतं तर."